आमच्या लॅबमधलं चुकांचं रजिस्टर

रेश्मे, हातातलं ठेव खाली आणि आधी ऐक. आज कॉलेजात जे झालंय ते अजून कुणालाच सांगितलेलं न्हाय. पप्पांना बी न्हाय. पार्किंगमध्ये स्कूटीवर बसलोय, हेल्मेट मांडीवर हाय, आणि पहिला फोन तुलाच लावलाय.

पण थेट आजचं सांगितलं तर तुला काय कळायचं न्हाय. तू दूधसंघाच्या लॅबमध्ये. तुमच्याकडं चूक झाली तर टँकर परत जातोय. आमच्याकडं चूक झाली तर पोरगं पास होतंय, आणि ती चूक घेऊनच नोकरीला लागतंय. म्हणून मागनं सुरुवात करतो.

वर्कशॉपमध्ये लेथखाली लोखंडाचा कीस साचतो बघ. सकाळी झाडला तरी दुपारपर्यंत परत तेवढाच. फर्स्ट इयरचे किस्से तसेच साचतात. फरक एवढाच की मी ते झाडून टाकले न्हाईत, रजिस्टरात लिहून ठेवले. आणि त्या रजिस्टरावरच आता माझी नोकरी लटकलीय.

तुला माहीत हाय, तरी सांगतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या अलीकडं आमचं कॉलेज. मी फर्स्ट इयरला मटेरियल सायन्स शिकवतो, कॉन्ट्रॅक्टवर, तिसरं वर्ष. ह्या महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर विभागप्रमुखांची सही लागती. विभागप्रमुख म्हणजे घोरपडे सर. माणूस वाईट न्हाय. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला हिरव्या शाईचं पेन, आणि जगातली कुठलीबी अडचण फाइल केली की सुटती ह्यावर ठाम विश्वास.

मी जॉइन झालो त्याच आठवड्यात ह्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलंतं. म्हणले, "कांबळे मॅडम, तुम्ही वर्गात 'मी आलो, मी शिकवतो' असं बोलता. शिक्षिकेला शोभत नाही."

मी म्हटलं, "सर, कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. माझी आई बोलती, मामी बोलती. कार्बनचं प्रमाण त्यानं बदलत न्हाय."

तवापासनं आमचं जरा असंच हाय.

*

रजिस्टर सुरू कसं झालं ते ऐक. ह्याच वर्षी, पहिल्याच आठवड्यात.

वर्गात मी विचारलं, "तुमच्या बाकाची फळी लाकडाची हाय, पाय लोखंडाचा. दोन्हीला हात लावा. जास्त गार काय?"

अख्खा वर्ग म्हणला, लोखंड.

"मोजूया," म्हटलं. डिजिटल थर्मामीटरचं टोक चिकटपट्टीनं फळीला चिकटवलं, दोन मिनिटं थांबलो, आकडा फळ्यावर लिहिला. मग लोखंडाच्या पायाला चिकटवलं. आकडा तोच.

मागच्या बाकावर बिद्रीचा संग्राम बसतोय. घरची ऊसशेती, अंगानं पैलवान, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातले सर बी उत्तर देतात. म्हणला, "मॅडम, थर्मामीटर बिघडलाय."

दुसरा आणला. परत तेच.

"ह्यो बी बिघडलाय."

तिसरा आणला. संग्राम उठून पुढं आला, आकडा स्वतः वाचला, आणि लई दुःखानं म्हणला, "मॅडम, कॉलेजनं सगळं खराबच घेतलंय हो."

मी समजावलं. हात तापमान मोजत न्हाय, हातातली ऊब किती वेगानं निघून जाती ते सांगतोय. लोखंड ऊब पटकन ओढून घेतंय म्हणून ते गार वाटतंय. सकाळपासनं एकाच खोलीत पडलेल्या दोन वस्तूंचं तापमान सारखंच असणार की. पोरांनी माना डोलावल्या. वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात टेस्टमध्ये तोच प्रश्न घातला. निम्म्या वर्गानं लिहिलं, 'लोखंड जास्त गार असते.' संग्रामनं बी तेच लिहिलंतं. पण पोरगं प्रामाणिक. खाली कंसात टीप टाकलेली: 'मॅडमच्या मते नाही.'

*

त्या टिपेनं मला दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाय. म्हणजे मी शिकवलं ते त्यानं ऐकलं, लक्षात ठेवलं, आणि एका बाजूला नेऊन ठेवलं, लग्नात आलेल्या घड्याळासारखं. मूळ समजूत जागची हलली न्हाय. आणि का हलंल? ती काय हाय हे मी कधी विचारलंच न्हवतं.

मग मी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. चार रकाने आखले. नाव. काय होईल असं वाटतं. का वाटतं. आणि प्रत्यक्ष काय दिसलं. नियम दोनच. प्रयोगाच्या आधी लिहायचं, आणि खोडायचं न्हाय.

"चुकलं तर मार्क जाणार न्हाईत," मी सांगितलं. "पण लिहिलं न्हाय तर प्रयोग बघायला मिळणार न्हाय. बाहेर थांबायचं."

पोरांनी त्याला नाव दिलं, चुकांचं रजिस्टर. पहिले पंधरा दिवस सगळी एकमेकाचं बघून लिहीत हुती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चूक कॉपी करून काय फायदा. मग मात्र जो तो आपलीच चूक जोरात लिहायला लागला, जाळ आणि धूर संगटच.

*

नेसरीची तेजस्विनी हाय वर्गात. बारीक, चष्मा, बोलायला उभी राहिली की समोरच्यानं बसून घ्यायचं. तिला मी विचारलं, "तांब्याचा एकच अणू वेगळा काढला, तर तो कसा दिसंल?"

"तांबूस."

"तापवला तर?"

"फुगंल जरा."

"आणि तांबं वितळलं तर?"

"मग अणू बी पातळ होणार की मॅडम."

मी म्हटलं, न्हाय. रंग, वितळणं, ही सगळी अणूंच्या मोठ्या जमावाची कामं. एकट्या अणूला ना रंग ना पातळपणा. तापवल्यावर अणू फुगत न्हाय, जास्त हलतो, म्हणून दोघांमधलं अंतर वाढतंय.

तेजस्विनीला पटलं न्हाय. "मॅडम, उसाच्या रसाची घागर गोड असती. एक थेंब घेतला तरी गोडच लागतोय. मग तांब्याचा एक अणू तांबडा का नको?"

रेश्मे, खरं सांगतो, इतका सरळ प्रश्न मला एम.टेक.च्या तोंडी परीक्षेत बी कुणी विचारला न्हवता. मग सुचलं.

"कुस्तीच्या मैदानात गर्दी असती. बरोबर? त्यातला एकच माणूस उचलून इथं आणला. तो गर्दी हाय का?"

तेजस्विनीनं चष्मा वर सरकवला, विचार केला. "न्हाय," म्हणली. मला वाटलं, जमलं.

"पण मॅडम, आमचे काका एकटेच गर्दी करतात."

*

आता आमच्या दत्तामामांचा किस्सा ऐक. दत्तामामा म्हणजे वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. आयटीआय करून उद्यमनगरच्या फाउंड्रीत वीस वर्षं काढली, मग इथं आले. माझे पप्पा पण मोल्डरच, ओतकामाचे साचे भरायचे, त्यामुळं मामांचं नि माझं जमतंय. मामांचं शिकवणं म्हणजे आधी करू देतात, मग बोलतात.

पोरांचा पक्का समज, कडक म्हणजे मजबूत. जे जास्त कडक ते कधीच तुटणार न्हाय. मी फळ्यावर तीनदा लिहिलं की कडक म्हणजे ओरखडा न उठणारं, आणि चिवट म्हणजे फटका सोसणारं, दोन्ही वेगळं. पोरांनी दोन्ही शब्दांखाली रेघ मारली आणि विसरली.

एक दिवस वर्कशॉपमध्ये पेटीचं झाकण अडकलं. संग्रामनं आजूबाजूला बघितलं आणि कानस उचलली. सगळ्यात कडक लोखंड तेच, ते लोखंडालाच घासतंय. रजिस्टरात त्याची नोंद बी हुती: 'कानस कधीच मोडत नाही. कारण कडक आहे.' कानशीचं टोक झाकणाच्या फटीत घातलं आणि पैलवानाचा जोर लावला. कटकन आवाज. अर्धी कानस हातात, अर्धी पेटीत.

मामा सावकाश आले. दोन्ही तुकडे उचलले, जोडून बघितले, मोडलेली जागा पोरांना दाखवली. खडीसाखर फोडल्यासारखी दाणेदार.

"बघा. वाकली न्हाय. थेट मोडली," मामा म्हणले. "जे लई कडक असतंय ते वाकत न्हाय. त्याला येतच न्हाय वाकायला."

नेमके त्याच वेळी घोरपडे सर राउंडला दारात आले. "काय चाललंय, दत्ता?"

"काय न्हाय सर," मामा तुकडे खिशात घालत म्हणले, "तुमचाच विषय निघालता."

*

हा पुढचा किस्सा माझ्यावरच हाय. आणि सरांचं डोकं इथनंच फिरलं.

एक दिवस शिकवताना मी ऐटीत सांगितलं, "धातू लालभडक तापवून पाण्यात बुडवला की कडक होतोय." पोरं लिहून घ्यायला लागली. हुपरीचा श्रेयस पोतदार तेवढा लिहीत न्हवता. त्याच्या घरी तीन पिढ्या चांदीचं काम, पैंजण घडवतात. वर्षभरात त्यानं वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत न्हाय. त्यानं हात वर केला.

"मॅडम, आमच्यात चांदी तापवून पाण्यात टाकतात, ती मऊ करायला."

मी म्हटलं, "तुझं काहीतरी चुकतंय. बस खाली."

तो बसला. दुसऱ्या दिवशी चांदीची तार घेऊन आला. तार ओढून ओढून ताठ झालेली, वाकवायला गेलं की बोटाला विरोध करत हुती. मामांनी बर्नर पेटवला. श्रेयसनं तार चिमट्यात धरून फिकट लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात बुडवली, चर्र झालं. मग ती माझ्या हातात दिली.

दोरा असतोय की गं. तशी बोटाला गुंडाळली.

पाण्यात बुडवून कडक होतंय ते पोलाद, कारण त्यात कार्बन असतोय आणि एकदम गार केल्यावर तो आत अडकतोय. चांदीत अडकायला काय न्हायच. मला हे माहीत हुतं. पुस्तकात वाचलंतं, परीक्षेत लिहिलंतं. पण बोलताना मी 'पोलाद'च्या जागी 'धातू' म्हणून मोकळा झालो, आणि ज्याला खरं ठाऊक हुतं त्याला खाली बसवलं.

वर्गासमोर रजिस्टर उघडलं आणि पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. काय वाटलं: सगळे धातू कडक होतात. का वाटलं: 'पोलादावरच जास्त वेळ शिकवल्यामुळे बाकीचे विसरले.' चौथा रकाना श्रेयसला लिहायला दिला. त्यानं मान खाली घालून लिहिलं: 'मॅडम बसा म्हणाल्या तरी तार मऊ झाली.'

दोन दिवसांत बातमी केबिनमध्ये. सरांनी रजिस्टर मागवलं, माझ्या नावावर बोट ठेवलं. "मॅडम, शिक्षकाची चूक तुम्ही लेखी ठेवताय? उद्या समिती आली तर? आपल्या कॉलेजचं मूल्यांकन आहे ह्या सत्रात."

"सर, लेखी न्हाय ठेवली तर चूक गेली असं थोडंच हाय."

"गेली असंच धरायचं असतं," सर म्हणले. आणि गंमत न्हवते करत.

*

सरांनी मग स्वतःचा उपाय काढला. एक स्लाइड बनवली. वर ठळक अक्षरात: 'विद्यार्थ्यांनी खालील गैरसमज बाळगू नयेत.' खाली माझ्याच रजिस्टरातनं उचललेले बारा गैरसमज, एकाखाली एक, नंबर घालून. आणि त्याच्यासोबत हमीपत्र. छापील. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो/देते की उपरोक्त सर्व गैरसमज मी वाचले असून, आता माझ्या मनात कोणताही गैरसमज उरलेला नाही.' खाली तारीख, रोल नंबर, सही.

वर्गातल्या साठ पोरांकडनं सह्या मला गोळा करायला लावल्या. श्रेयसनं न वाचता केली. तेजस्विनीनं वाचून केली आणि पेनचं टोपण जोरात लावलं. संग्राम लई वेळ कागद धरून बसला.

"काय झालं रे?"

"मॅडम, नऊ नंबरचा गैरसमज मला न्हवता. वाचल्यावर आला."

"मग?"

"मग सही आधीच्यासाठी करू का आताच्यासाठी?"

*

आता आजचं.

काल संध्याकाळी सरांनी बोलावलं. टेबलावर माझा पुढच्या वर्षाचा फॉर्म. सगळं भरलेलं, फक्त सहीची जागा कोरी. सर म्हणले, "उद्या समिती येतेय. तुम्ही पीपीटी दाखवायची. प्रयोग नको, प्रश्न नकोत. ते रजिस्टर सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवा. समिती गेल्यावर बघू. आणि हा फॉर्म पण तेव्हाच बघू."

दोन 'बघू' एका दमात. मला काय कळत न्हाय व्हय.

घरी पप्पा शेजारच्यांना सांगत बसलेले, "आमची पोरगी प्रोफेसर हाय, साहेब लोक येणार हाईत तिचा तास बघायला." मी ताट घेऊन आत जाऊन बसलो.

सकाळी रजिस्टर टेबलावर ठेवलं न्हाय. लॅबच्या कपाटातच राहू दिलं. ठरवून असं न्हाय गं. पाय केबिनकडं वळलेच न्हाईत.

समितीत तिघं हुते. अध्यक्ष म्हणजे बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक, पांढरे केस, हळू बोलणारे. लॅबमध्ये आले, मी पीपीटी लावली, चार स्लाइड झाल्या. अध्यक्षांनी हात वर केला.

"मॅडम, एक सांगा. ह्यांना समजलंय हे तुम्हाला कसं समजतं?"

मी तोंड उघडायच्या आत घोरपडे सरांनी हमीपत्रांची फाइल पुढं केली. अध्यक्षांनी दोन-चार कागद उलटले. सगळीकडं तेच वाक्य. समोर बसलेल्या तेजस्विनीला विचारलं, "ही सही तुमची?"

"होय सर."

"मग तुमचा गैरसमज काय होता?"

"ते लिहायला ह्यात जागाच न्हाय सर," तेजस्विनी म्हणली. "ते रजिस्टरात हाय."

"कुठलं रजिस्टर?"

घोरपडे सर हसून म्हणले, "असं काही रजिस्टर नाही, सर. मुलं काहीतरी बोलतात."

रेश्मे, साठ पोरं माझ्याकडं बघाय लागली. संग्राम तर उभाच राहिला. त्या पोरांनी वर्षभर आपलं चुकलेलं, नाव घालून, न खोडता लिहिलंय. मी सांगितलं म्हणून लिहिलंय. आणि आता 'नाही' म्हणायचं? मी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलं.

म्हटलं, "हाय सर. हे."

सरांकडं बघितलं न्हाय.

अध्यक्षांनी खुर्ची ओढली, चष्मा काढला, पुसला आणि वाचत बसले. मधेच एकदा खुदकन हसले. कशाला ते कळलं न्हाय. मग म्हणले, "आता आमच्यासमोर एक नोंद करून दाखवाल?"

ह्या आठवड्याच्या प्रयोगाची तयारी मामांनी आधीच लॅबमध्ये करून ठेवलीती. लोखंड कापायच्या करवतीची दोन पाती, एकाच पाकिटातली, मापानं सारखी. एक हाय तसं, कडक. दुसरं भट्टीत लाल करून, दोन दिवस सावकाश गार केलेलं, म्हणजे मऊ. दोन्ही पाती टेबलाच्या कडेला एकसारखी आवळली, टोकं हवेत. टोकाला सारखंच, हलकं वजन लावायचं. जास्त कुठलं वाकंल?

पोरं रजिस्टराकडं हात करायच्या आतच अध्यक्ष म्हणले, "सोपं आहे. मऊ जास्त वाकणार."

तेजस्विनी उठली. रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढं धरलं. "सर, आमच्यात आधी लिहायचं असतंय. न्हायतर बाहेर थांबायचं."

मला वाटलं, गेली माझी नोकरी. अध्यक्षांनी पेन काढलं आणि नाव लिहिलं. मग रजिस्टर घोरपडे सरांकडं सरकवलं. "घ्या. तुम्ही पण लिहा."

सरांना न्हाय म्हणता येईना. हिरव्या शाईनं लिहिलं: 'कडक पाते निम्मेच वाकेल.' तिसरा रकाना मोकळा सोडून सही ठोकली, सवयीनं.

मामांनी वजनं लावली. दोन्ही पाती खाली झुकली. सारखीच. मामांनी पट्टी धरली. रेघभर फरक न्हाय.

मी सांगितलं की थोड्या वजनाला किती झुकायचं ते लोखंडाच्या अणूंच्या एकमेकावरच्या पकडीवर ठरतंय, आणि कडक केल्यानं ती पकड बदलत न्हाय. मग मामांनी वजन भरपूर वाढवलं आणि काढून घेतलं. कडक पातं टणकन परत सरळ झालं. मऊ तसंच वाकडं राहिलं. फरक हाय तो इथं.

मागनं संग्राम, त्याला वाटतंय तेवढ्या हळू आवाजात, म्हणला, "सर, टेन्शन घेऊ नका. माझी ह्यात तीन पानं हाईत."

अध्यक्षांनी चौथा रकाना स्वतः भरला, रजिस्टर मिटलं, "चला," म्हणले आणि पुढच्या विभागात गेले. चांगलं का वाईट, एक शब्द न्हाय.

तासाभरानं केबिनमधनं बोलावणं आलं. म्हणले, रजिस्टर घेऊन या.

टेबलावर फॉर्म, शेजारी उघडं पेन. सरांनी दार लावून घेतलं. म्हणले, "मॅडम, मी सही करतो. आत्ता. फक्त ते आजचं पान फाडून द्या. अध्यक्षांचं पण त्यात नाव आहे, ते बरं दिसत नाही. कोणाला कळणार पण नाही."

आवाज चढलेला न्हवता. त्यानंच अवघड झालं. धमकी दिली असती तर बरं, भांडायला तरी आलं असतं.

मी रजिस्टर उघडलं. ते पान काढलं. सर हात पुढं करून बसलेले.

म्हटलं, "सर, तुमचा तिसरा रकाना रिकामा हाय. 'का वाटतं.' तो भरल्याशिवाय नोंद पुरी होत न्हाय. पोरांना मी सोडत न्हाय, तुम्हाला कसं सोडू? आणि पान मी फाडणार न्हाय."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग फॉर्मकडं. मग पानाकडं. मी उभाच हुतो, बसा म्हणले न्हवते. बाहेर शिपाई कुणाला तरी आवाज देत हुता. मला वाटलं आता दाराकडं बोट करणार.

सरांनी पेन उचललं आणि रजिस्टर स्वतःकडं ओढलं. लिहायला लागले. थांबले. परत लिहिलं. मग रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, आणि फॉर्म, सही न करताच, ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावला.

"सर, फॉर्म?"

"उद्या या."

बाहेर येऊन जिन्यात वाचलं. हिरव्या शाईत, बारीक अक्षरात: 'आमच्या सरांनी सांगितले होते. बावीस वर्षे मीही तेच सांगत आलो. पाते कधी लावून पाहिले नाही.'

आणि खाली परत सही.

आता तू सांग रेश्मे, खरं सांग. तू असतीस तिथं, तर काय केलं असतंस? पान फाडून दिलं असतंस?